सुई, शिडी आणि कठडा



पूर्वी इंजेक्शनची सुई दवाखान्यातच राहत असे. कंपाउंडर स्टोव्हवरच्या पातेल्यात काचेची सिरिंज आणि जाडजूड सुई उकळायचा, डॉक्टर ती टोचायचे आणि ती पुन्हा त्याच पातेल्यात जायची. आपण घरी यायचो ते फक्त दुखरा दंड घेऊन. आता सुई आपल्या घरी राहायला आली आहे. फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी इन्सुलिनची बाटली असते आणि वरच्या फळीवर सिरिंजचे पाकीट. अमरावती असो की अकोला, असे घर शोधायला आता फार चालावे लागत नाही. दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारा माणूस प्रत्येक वेळी नवी सुई वापरत असेल, तर वर्षाला ७३० सुया होतात. ह्या सुया जातात कुठे?

बहुतेक घरांतून त्या घंटागाडीत जातात. टोपण लावलेल्या, न लावलेल्या, भाजीच्या देठांबरोबर कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेल्या. गाठ मारली की आपले काम संपले. पिशवीचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो. गाडी भरत आली की तिच्यावरचा कामगार पिशव्या हाताने, कधी पायाने दाबतो. वर्षानुवर्षे अमरावतीचा कचरा सुकळीच्या डेपोत आणि अकोल्याचा नायगावला जाऊन पडला. अशा ढिगांवर बाया आणि पोरे प्लास्टिक, पत्रा, तार वेगळी काढतात. सिरिंजचे नळकांडे हेही प्लास्टिकच. कबाड्याकडे त्याला भाव आहे. हातात मोजे बहुधा नसतात, आणि असले तरी इंजेक्शनची सुई कापडी मोज्याला जुमानत नाही.

टोचलेल्या प्रत्येक सुईने रोग होतोच असे नाही. उगाच घाबरवण्याची आमची इच्छा नाही. डॉक्टर मंडळी एक ढोबळ हिशेब सांगतात. रोग्याच्या रक्ताने माखलेली सुई दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याला टोचली, तर एचआयव्हीची लागण होण्याचा संभव हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस सी ह्या काविळीचा शंभरात दोन-तीन. आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा शंभरात तीसपर्यंत. शिवाय हा बी काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. म्हणजे ज्या रोगाचे नाव ऐकताच आपण दचकतो तो ह्या रांगेत शेवटी उभा आहे, आणि ज्याची आपण आठवणही काढत नाही तो सर्वांत पुढे. ह्या काविळीवर लस आहे. दवाखान्यातल्या नर्सला ती दिली जाते. ढिगावरच्या बाईला ती कोण देतो? सुई टोचल्यावर जागा साबण-पाण्याने धुवून लगेच, फार तर ७२ तासांच्या आत, सरकारी रुग्णालय गाठले तर एचआयव्ही टाळणारी औषधे २८ दिवस घेता येतात. पण हे तिला माहीत असायला हवे, आणि माहीत असले तरी त्या दिवसाची कमाई सोडून इर्विनच्या किंवा अकोल्यात सर्वोपचारच्या रांगेत उभे राहायला हवे.

नियम नाहीत असे नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम केंद्र सरकारने १९९८ साली काढले आणि २०१६ च्या मार्चमध्ये ते नव्याने लिहिले. रुग्णालय, नर्सिंग होम, पॅथॉलॉजी, रक्तपेढी, जनावरांचा दवाखाना, इतकेच काय पण रक्तदानाची आणि लसीकरणाची शिबिरेही त्यांत येतात. पिवळी पिशवी कशाची, लाल कशाची, हे दवाखान्याच्या भिंतीवर चित्रासह लावलेले आपण पाहतो. सुया मात्र कोणत्याच पिशवीत टाकायच्या नसतात. त्यांच्यासाठी पांढरा, अर्धपारदर्शक, भोक न पडणारा डबा ठरवून दिला आहे. त्यातल्या सुया वाफेने वा उष्णतेने निर्जंतुक करून चिरडायच्या, नाहीतर सिमेंटमध्ये कायमच्या गाडायच्या. इतका कडेकोट बंदोबस्त! पण तीच सुई, तेच इन्सुलिन, तोच रुग्ण दवाखान्यातून घरी आला की हे नियम उंबरठ्यावरच थांबतात. घरासाठी २०१६ च्याच एप्रिलमध्ये घनकचऱ्याचे नियम आले. त्यांनी वापरलेल्या सुया आणि सिरिंज ह्यांना घरगुती घातक कचरा म्हटले, तो वेगळा ठेवायला सांगितले, आणि तो गोळा करण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र उघडण्याचे काम नगरपालिका-महापालिकांकडे दिले. आपल्या प्रभागाचे केंद्र कुठे आहे, हे आपल्यापैकी किती जण पटकन सांगू शकतील?

ह्या हयगयीचे फळ काय असते ते २००९ च्या सुरुवातीला गुजरातेत मोडाशाला दिसले. साबरकांठा जिल्ह्यातल्या त्या गावात आणि आसपास बी काविळीची साथ उसळली आणि अनेक माणसे दगावली. चौकशीत काही डॉक्टर एकच सिरिंज अनेकांना वापरत असल्याचे पुढे आले. वापरलेल्या सिरिंज भंगारात विकत घेऊन, धुऊन पुन्हा बाजारात आणल्या जात असल्याचेही दिसले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एचआयव्हीचे रुग्ण एकदम मोठ्या संख्येने सापडले. सायकलवरून फिरून स्वस्तात इंजेक्शन टोचणाऱ्या एका भोंदू डॉक्टरच्या सुईकडे तिथे बोट दाखवले गेले. आपण फार शहाणे आहोत असे कोणी समजू नये. ‘डॉक्टरसाहेब, गोया नोको, एक सुई मारून द्या’, हे वाक्य वऱ्हाडातल्या कोणत्याही दवाखान्यात ऐकू येते. न टोचता पाठवणारा डॉक्टर आपल्याला अर्धवट वाटतो. मागणी आपलीच असते, आणि गरज नसलेली प्रत्येक सुई कुठेतरी टाकावीच लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे सारे आरोग्य खात्याचे काम, त्याचा धर्माशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. प्रायश्चित्त संस्काराला आपण राग सांगतो, खोटे बोलणे सांगतो, मिस्सा चुकवल्याचे सांगतो. उघडी सुई कचऱ्यात टाकली, हे सांगावे असे कोणाच्या मनातही येत नाही. आपण कोणाचे वाईट चिंतलेले नसते. जिला सुई टोचेल ती बाई आपण पाहिलेली नसते. ज्याचे तोंडही पाहिले नाही त्याचा अपराध कसा करणार?

मोशेच्या नियमशास्त्राला हे मान्य नाही. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे: नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, तिथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. निर्गमच्या २१ व्या अध्यायात, खड्डा खणून त्यावर झाकण न ठेवणाऱ्याने त्यात पडलेल्या बैलाची किंवा गाढवाची किंमत भरून द्यावी, असे सांगितले आहे. आपल्याकडच्या लोकांना हे समजावून द्यायला नको. वऱ्हाडातल्या जुन्या घरांना धाबे असायचे, उन्हाळ्यात सारे घर वर झोपायचे, आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्या गुराची गोष्ट प्रत्येक गावात एक तरी आहे. ह्या आज्ञांत कोणी कोणाला ढकललेले नाही, कोणाचा द्वेष केलेला नाही. पडणारा कोण, हेही घरमालकाला आधी माहीत नाही. तरी दोष त्याचा, कारण उंची त्याने तयार केली. उघडी सुई ही आपण तयार केलेली उंची आहे.

आणि कठड्याबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. धाब्यावरून पडते कोण? लहान मूल पडते, झोपेत चालणारा पडतो, आणि सर्वांत जास्त बहुधा पिऊन आलेला पडतो. कठडा बांधताना ‘दारुड्याने पडू नये म्हणून मी का खर्च करू’ असे म्हणायची सवलत नियमशास्त्राने ठेवलेली नाही.

इथवर बहुतेक वाचक आमच्याबरोबर असतील. कचरा वेचणारी बाई निरपराध आहे. तिच्यासाठी सुई डबीत ठेवायला कोणाची ना नसावी. पण सुई ज्याला मारते त्याचाच हात ती धरत असेल तर? आपल्या भागातले नेहमीचे व्यसन म्हणजे दारू आणि खर्रा. सुईने नशा करणारा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला नसेल. तरी आपली पोरे रात्रीच्या गाडीने कामाला मुंबईला जातात आणि सगळीच सुखरूप परत येतात असे नाही. तिथे १९८० नंतर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत रुळला. वांद्र्याच्या फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभे केले. दोन्हीकडे मार्ग एकच, नशा पूर्ण सोडायची. हजारो घरे त्याने सावरली. पण सोडायला तयार नसलेला, पदपथावर पडलेला, धुराऐवजी सुईकडे वळलेला माणूस ह्या दारापर्यंत येतच नव्हता. १९९५ पासून मुंबईत काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने अशांसाठी वेगळे काम हाती घेतले, ते सुई बदलून देण्याचे.

हे काम चालते कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘गर्दुल्ल्यांना फुकट सुया वाटतात’ एवढेच ऐकून माणूस भडकतो. कार्यकर्ते, त्यांतले काही स्वतः पूर्वी ह्याच नशेत असलेले, ठरलेल्या वेळी पुलाखाली, रेल्वेच्या कडेला जातात. सोबत नव्या सुया असतात आणि जुन्या घेण्यासाठी जाड डबा. वापरलेली सुई घ्यायची, नवी द्यायची, किती दिल्या आणि किती परत आल्या हे वहीत लिहायचे. टोचून टोचून झालेल्या गळवांना मलमपट्टी करायची. एचआयव्हीची, काविळीची तपासणी सुचवायची. तयारी असेल त्याला जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या उपचाराकडे न्यायचे, म्हणजे सुईच सुटते. म्हणजे हे काम वाटपाचे आहे तितकेच परतीचेही आहे. गर्दुल्ल्याची सुई गटारात, बागेत किंवा कचराकुंडीत न जाता डब्यात जाते. आपल्या घरातल्या इन्सुलिनच्या सुईची जी सोय आपण केलेली नाही, ती पुलाखालच्या त्या माणसाच्या सुईची झालेली आहे. हे वाचून थोडी लाज वाटली तर वाटू द्यावी.

ह्या कल्पनेचा उगम १९८४ सालच्या ॲमस्टरडॅममध्ये, बी काविळीच्या भीतीतून झाला. आपल्या देशात तिची निकड मणिपूरने दाखवली. तिथे १९८९-९० च्या सुमारास, सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही जवळजवळ नव्हता तो काही महिन्यांत निम्म्या लोकांपर्यंत पोचला. एकाच सुईने चार जण टोचून घेत होते. घरी बायका होत्या, पुढे मुले झाली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात सरकारने हे काम मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर उदाहरण देऊनच सांगितले आहे की नोंदणीकृत कार्यक्रमात जुनी सुई घेऊन नवी देणारा आणि ती घेणारा, दोघेही त्या कृतीसाठी गुन्हेगार ठरत नाहीत. स्वच्छ सुया दिल्याने नशा वाढते का, ह्याचा आढावा जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली घेतला. तसा पटण्याजोगा पुरावा सापडला नाही.

पण कायद्याने गुन्हा नाही म्हणून पाप नाही, असे आपण म्हणत नाही, आणि म्हणूही नये. नीतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत एक शिडीचा प्रश्न आहे. धनी रात्री दुष्कर्म करायला परक्या खिडकीतून चढतो आणि नोकर खाली शिडी धरून उभा आहे. नोकर म्हणतो, मी काय केले? मी फक्त शिडी धरली. नाही म्हटले असते तर नोकरी गेली असती. हा वाद इतका गाजला की अशा नोकराला मोठ्या पापातून सहज मोकळे करणारे मत पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्ये अमान्य केले. पुढच्या शतकात संत अल्फोन्सस लिगोरी यांनी त्यात महत्त्वाचा भेद करून दाखवला. दुसऱ्याच्या वाईट इच्छेत सामील होणे ही एक गोष्ट. ती इच्छा मनाने नाकारून, स्वतःत वाईट नसलेली एखादी कृती करणे आणि दुसऱ्याने तिचा वाईट उपयोग करणे, ही दुसरी. पहिली कधीच चालत नाही. दुसरी कधी चालते, पण त्यासाठी कारण तितकेच भारी लागते. मग सुई देणारा कार्यकर्ता शिडी धरतो आहे काय?

हा प्रश्न ख्रिस्तसभेत खरोखर उभा राहिलेला आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांनी १९९९ साली एक पाऊल पुढे जायचे ठरवले: व्यसनी माणसाने नर्सच्या देखरेखीखाली टोचून घ्यावे आणि जादा डोसने मरू नये, अशी खोली चालवायची. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत खात्याने, ज्याचे प्रमुख तेव्हा कार्डिनल रॅट्झिंगर होते, त्यांना माघार घ्यायला सांगितले. सिस्टरांनी ते मानले. २००१ मध्ये ती खोली युनायटिंग चर्चने उघडली. उलट अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी धर्मप्रांताच्या कॅथलिक चॅरिटीज संस्थेने २०१० मध्ये सुई बदलण्याचे केंद्र स्वतःच सुरू केले आणि त्यासाठी वर सांगितलेल्याच सहभागाच्या भेदाचा आधार घेतला. आणि २०१४ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी, नशेला नशेनेच उत्तर देता येत नाही, पर्यायी औषधे देणे ही एक प्रकारची शरणागतीच आहे, अशा अर्थाचा इशारा दिला. म्हणजे एकाच ख्रिस्तसभेत, एकाच नीतिशास्त्राला धरून, विचारी माणसे वेगवेगळ्या ठिकाणी थांबली आहेत.

आमचे मत विचाराल तर सिडनीची खोली आणि मुंबईचा डबा एकाच मापाने मोजू नयेत. खोलीत कृती आपल्या छपराखाली, आपल्या देखरेखीत घडते. तिथे शिडी कुठे संपते आणि कठडा कुठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे, आणि सिस्टरांनी आज्ञा पाळली ह्यात त्यांचा कमीपणा आम्हाला दिसत नाही. सुई बदलण्यात मात्र पुलाखालचा माणूस टोचणारच आहे. नवी सुई नसेल तर जुनी, जुनी नसेल तर शेजाऱ्याची. शिडी काढून घेतली तर धनी चढत नाही. सुई काढून घेतली तर हा थांबत नाही, फक्त दुसऱ्याचे रक्त आपल्या नसेत घेतो. कार्यकर्त्याला त्याची नशा नको आहे. त्याला हवे आहे ते एवढेच की त्या माणसाला, त्याच्या बायकोला आणि सकाळी तिथे झाडायला येणाऱ्या बाईला रोग होऊ नये. आम्हाला हा कठडा वाटतो. धाब्यावर चढणारा पिऊन आहे, चढू नये हे खरे, आणि तरी कठडा हवा.

विरोधी बाजूत मात्र एक म्हणणे असे आहे की ते झटकून टाकता येणार नाही. ज्या आईला पोराच्या खिशात सुई सापडली, तिच्यापुढे हा भेद मांडून पाहावा. ती म्हणेल, माझ्या पोराला सुई देणाऱ्याचे हात मोडोत. मला तो घरी हवा आहे. तिचे चुकलेले नाही. दिलेल्या आणि परत आलेल्या सुयांचा हिशेब जुळला म्हणजे काम झाले, असे मानणारी संस्था त्या आईची अपराधी आहे. पोप फ्रान्सिस यांचा इशारा तिथे लागू पडतो: माणूस सुटणारच नाही असे आधीच ठरवून टाकणे ही शरणागतीच. पण रोज तेच चेहरे तीच वही घेऊन येतात तेव्हा ओळख होते. आज गळव बांधून घेणारा कधीतरी विचारतो, सोडायचे असेल तर कुठे जायचे. त्या दिवसापर्यंत तो जिवंत आणि शक्यतो निरोगी असणे, हे त्या आईलाही हवेच असेल. कृपा आणि मुक्तांगण ह्यांचे दार उघडे आहे ते अशाच माणसासाठी. पुलाखालच्या कार्यकर्त्याशी त्यांचे भांडण असण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

मनातली खरी अडचण वेगळीच आहे, असे आम्हाला वाटते. ‘त्याने स्वतःच ओढवून घेतले’, हे वाक्य आपल्या तोंडी फार लवकर येते. महारोग हे पूर्वजन्मीचे किंवा बापाचे पाप, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मानले गेले, आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले तेव्हा त्यांना रोगापेक्षा ह्या समजुतीशी अधिक झगडावे लागले असणार. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले ते हेच, पाप कोणाचे. प्रभूने तो हिशेब मांडलाच नाही, त्याच्या डोळ्यांना माती लावली. गर्दुल्ल्याचा दोष नाही असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या दोषाचा निवाडा होईपर्यंत कठडा बांधायचा थांबवावा, असे कोणत्या आज्ञेत लिहिले आहे? आणि इन्सुलिनची सुई टाकणारे आपण सभ्य, सुईने नशा करणारा बदनाम. ढिगावर दोघांच्या सुया शेजारी पडल्या तर उचलणाऱ्या बोटाला त्यातली सभ्य घरची कोणती हे कळत नाही.

वऱ्हाडाला हे शिकवायला बाहेरच्या कोणी यायला नको होते. संत गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरायचे ते ह्याच मुलखात. शेवटी २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला तोही अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले, गावे चकाचक झाली, बक्षिसे मिळाली. बाबांच्या खराट्यापुढे शेण, पाला, उकिरडा होता. आजच्या उकिरड्यात धार असलेल्या वस्तू आहेत आणि झाडणारा हात मात्र तसाच उघडा आहे.

ज्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांनी एवढे करून पाहावे. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची एखादी रिकामी बाटली घ्यावी. फिनाईलची किंवा कपडे धुण्याच्या द्रावणाची चालते, पाण्याची पातळ बाटली नको. टोचून झाले की सुई थेट तिच्यात टाकावी. टोपण परत बसवण्याच्या खटाटोपातच पुष्कळ वेळा बोटाला टोचते, म्हणून तो करू नये. बाटलीवर मार्करने ‘सुया’ असे मोठे लिहावे, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावी, आणि पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळावी. ती घंटागाडीत टाकू नये. आपल्या डॉक्टरांकडे किंवा पॅथॉलॉजीत जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येतच असते. तिथे ही बाटली घेतील का ते विचारावे. कोणी हो म्हणेल, कोणी टाळेल. अशी बाटली भरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढ्या दिवसांत प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला गाठून घरगुती घातक कचऱ्याचे केंद्र कुठे आहे हे विचारून घ्यावे, आणि केंद्र नसेल तर ते कधी होणार हे लेखी मागावे. दोन-तीन घरांनी मिळून अर्ज दिला तर बरे, एकट्या माणसाचा कागद टेबलावरच राहतो.